हजेरीपटाचं मागचं पान

मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. तिच्या पलीकडे दोघं तावातावाने भांडत होती आणि अलीकडे एक एकवीस वर्षांची पोरगी मान खाली घालून पाकिटांवर पत्ते लिहीत होती. दवाखान्यात नोकरीला लागून तिला तिसराच दिवस होता. तिसऱ्या दिवशी माणूस मान खालीच घालतो, पण कान कुठे घालणार?

"सही सकाळची आहे साहेब, पण माणूस संध्याकाळचा आहे," मोठी सिस्टर म्हणत होती.

"सही आहे म्हणजे माणूस हजर आहे," मोठे डॉक्टर म्हणाले.

"मग त्या सहीनेच तपासायचं होतं त्याला."

झालं होतं असं, की झाडावरून पडलेला एक माणूस सकाळी दहाला आणला, तो तीन तास बाकावर तसाच पडून होता. ड्युटीच्या डॉक्टरांचा पत्ता नव्हता. माणूस गेला. त्याचे भाऊ विचारायला आले तोवर हजेरीपटात दहा वाजताची झोकदार सही उमटलेली होती. ती संध्याकाळी पाच वाजता कशी उमटली, ते साऱ्या दवाखान्याला ठाऊक होतं. पुढे चौकशी झाली. डॉक्टर सुटले, मोठे डॉक्टर सुटले आणि ज्याने रिकामी जागा ठेवली तो हजेरीपट सांभाळणारा म्हातारा कारकून घरी गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी तो जाड हजेरीपट या पोरीच्या टेबलावर येऊन पडला.

तिने त्याच दिवशी एक लाल पेन आणि एक लाकडी पट्टी आणली. सकाळी दहा वाजून दहा मिनिटं झाली, की ज्यांच्या सह्या नाहीत त्यांच्या रकान्यात लाल रेघ. एकदा मारली की मारली. मग बाहेर कुणी पाया पडो की टेबल आपटो. भिंतीवरचं घड्याळ ती रोज रेडिओवर लावून घ्यायची, म्हणजे त्यावरूनही वाद नको.

तिचं खरं नाव मग कुणी घेतलंच नाही. हजेरीपटाला सगळे मस्टर म्हणत, म्हणून ती मस्टरीण झाली. नव्या डॉक्टरांना शिपाई दोनच गोष्टी दाखवायचा, पाणी कुठे मिळतं आणि मस्टरीण कुठे बसते. ठेंगणी, चष्म्याला मागून दोरी, डबा एकटीच खायची. तिच्या खिडकीशी गप्पा मारायला कुणी आलं नाही आणि तिनेही कुणाला "बसा" म्हटलं नाही. अशी सदतीस वर्षं गेली. दवाखान्यात नऊ मोठे डॉक्टर आले नि गेले. सगळ्यांचं तिच्याबद्दल मत एकच होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

तिची आणखी एक सवय होती, ती मात्र कुणाला माहीत नव्हती. रेघ मारल्यावर जो उशिरा यायचा त्याची नोंद ती हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर करायची. पेन्सिलीने, बारीक अक्षरात. कोण, किती वाजता आला, काय म्हणाला. सरकारी कामासाठी नव्हे, भांडणासाठी. उद्या कुणी म्हणालं मी आलोच होतो, तर तोंडावर मारायला काहीतरी हाताशी हवं. पुढची पानं सरकारची, मागचं पान तिचं. आणि आपल्या पानावर माणूस मोकळं लिहितो. "डोकं दुखतं म्हणे. असलं तर दुखेल." अशा तऱ्हेचं.

मस्टरिणीने लग्न केलं नाही. धाकट्या बहिणीच्या घरात मागची एक खोली होती, तिला वेगळं दार होतं, तिथे ती राहायची. धाकटीची एकुलती मुलगी ठकी तिच्याच मांडीवर वाढली. हजेरीपटाच्या रद्दी कागदांवर ठकी आकडे शिकली आणि शिकता शिकता डॉक्टरीण झाली. तेव्हा मस्टरिणीने दवाखान्यात कुणाला काही सांगितलं नाही, पण त्या दिवशी रेघ दहा वाजून बारा मिनिटांनी मारली. तिच्या आयुष्यातली ऐश तेवढीच.

ठकी सरकारी नोकरीत लागली, लांबच्या एका दवाखान्यात. तिला बाळंतपणाच्या शास्त्रातलं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांसाठी त्या कॉलेजात एकच जागा होती, आणि अट अशी की ठरलेल्या तारखेपर्यंत नोकरीची तीन वर्षं पुरी हवीत. बिनपरवानगी गैरहजर राहिलेला दिवस त्यात धरायचा नाही. परीक्षेत ठकीचा नंबर दुसरा आला. पहिला आला लंबू.

हा लंबू मस्टरिणीच्याच दवाखान्यातला. दारातून वाकून यायचा आणि सरळ होता होता कुणाला तरी टोचून बोलायचा. हात सोन्यासारखा होता, अडलेल्या बाया त्याचं नाव घेऊन यायच्या, पण जिभेला हाड नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने मस्टरिणीला "शाळेची घंटा" म्हटलं होतं, तेही भरल्या व्हरांड्यात. लोक हसले. मस्टरीण हसली नाही आणि विसरलीही नाही.

कागदपत्रांची तपासणी झाली. लंबूची नोकरी ठरलेल्या तारखेला तीन वर्षं आणि दोन दिवस भरत होती. पण हजेरीपटात त्याच्या नावावर पाच लाल रेघा होत्या. दोनातून पाच जात नाहीत. तीन दिवस कमी पडले, लंबू अपात्र ठरला आणि जागा ठकीकडे आली.

धाकटीने गल्लीभर सांगितलं. आणि आठच दिवसांत कोर्टाचा कागद आला.

लंबूने दावा लावला होता. त्यात ठकी सामनेवाली, सरकार सामनेवालं आणि चौथ्या पानावर मस्टरीण. "सदर कर्मचारी ही सामनेवाल्या उमेदवाराची सख्खी मावशी असून, भाचीच्या फायद्यासाठी तिने हेतुपुरस्सर अर्जदारास गैरहजर दाखवले आहे." रजेवर घरी आलेल्या ठकीने ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं.

"रेघा दोन वर्षांपूर्वीच्या आहेत," मस्टरीण म्हणाली. "तेव्हा ही परीक्षेला बसणार हे हिलासुद्धा माहीत नव्हतं. मला काय स्वप्न पडलं होतं?"

"तेच सांग कोर्टात," धाकटी म्हणाली. "जज्जसाहेबांनी हजेरीपट घेऊन तुलाच बोलावलंय. रेघा माझ्या म्हणायचं आणि घरी यायचं. तो नव्हताच ना त्या दिवशी?"

"मागच्या पानावर बघायला हवं."

हे बोलायला नको होतं. पण सदतीस वर्षं खरं बोलायची सवय झाली की तोंड आधी चालतं आणि अक्कल मागून धावत येते.

"कसलं मागचं पान?" धाकटीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मस्टरिणीने कपाटातून त्या वर्षाचा हजेरीपट काढला, मागून उघडला आणि खिडकीशी उभी राहून वाचला. पाच रेघा, पाच नोंदी. "लंबू, १०.२५, म्हणे बाळंतपण होतं. बाही रक्ताने भरलेली. तोंड फार." दुसरी, "१०.४०, जुळी म्हणे. एक उलटं. मला घंटा म्हणाला." तिसरी आणि चौथी त्याच जातीची. पाचवीत एवढंच, "दिवसभर पत्ता नाही."

म्हणजे चार दिवस तो आला होता. मागच्या इमारतीत बाळंतिणींच्या खोलीत होता. पाचातले चार गेले, उरला एक. दोनातून एक गेला तर एक राहतो. लंबूची तीन वर्षं भरत होती, वर एक दिवस शिल्लक पडत होता.

तिने हजेरीपट मिटला. तिला आणखीही एक गोष्ट आठवली, जी पानावर नव्हती. बाकीचे डॉक्टर असे कामात अडकले की ती शिपायाबरोबर हजेरीपट तिकडे धाडायची, ते हातातलं काम तसंच ठेवून सही करायचे. लंबूसाठी सिस्टरने चार वेळा निरोप पाठवला होता, "डॉक्टर बाळंतपणात आहेत, जरा थांबा." चारही वेळा तिने रेघ मारली. हजेरीपट धाडला नाही. शिपाई तिथेच स्टुलावर रिकामा बसला होता.

रविवारी सकाळी धाकटी मागच्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं. मस्टरीण कपड्यांच्या घड्या करत होती.

"काय लिहिलंय मागे?"

मस्टरिणीने सांगितलं. धाकटी खाटेवर बसली.

"ते पान सरकारी आहे का?"

"नाही."

"कोर्टाने मागितलंय का?"

"हजेरीपट मागितलाय."

"मग पान फाडून टाक. तुझंच आहे. पेन्सिलीचं आहे, खोडलं तरी चालेल."

"आणि विचारलं तर?"

"तुला रेघेचं विचारतील. रेघ कुणाची? माझी. झालं. विचारलं नाही ते सांगायचं नाही, हा कोर्टाचाच नियम आहे. वकिलाने सांगितलंय मला."

"तो आला होता, धाकटे."

"आला होता तर सही का नाही? तूच म्हणतेस ना, सही नाही म्हणजे माणूस नाही? आयुष्यभर लोकांना हेच ऐकवलंस. माझ्या नवऱ्याचा मित्र चार मिनिटं उशिरा आला तर त्याचा दिवस कापलास, तेव्हा नाही आठवलं मागचं पान? आता त्या जिराफासाठी आठवलं?"

धाकटीला शाळेत कधी पन्नासच्या वर मार्क पडले नाहीत, पण भांडणात ती पहिल्यापासून पहिल्या नंबरची.

"त्याने तुझी अब्रू काढली चौथ्या पानावर," धाकटी म्हणाली. "तू आता तो आला होता म्हणालीस तर लोक काय समजतील? बघा, मावशीने भाचीसाठीच केलं होतं, पकडली गेली. तू खरं बोलशील आणि खोटी ठरशील. आणि माझ्या पोरीचं वर्ष वाया जाईल. एवढा उजेड पाडायचा असेल तर पाड. पण मग या खोलीत नको. तुझं दार वेगळं आहेच, त्यातून बाहेर जा."

एवढं बोलून ती गेली. घड्या घातलेल्या कपड्यांवर बसली होती, त्यांच्या घड्या पुन्हा घालाव्या लागल्या.

कोर्टाच्या दिवशी सरकारी वकील व्हरांड्यात भेटला. तरुण होता, घाईत होता. "बाई, तुम्हाला एकच प्रश्न येईल. रेघ तुमची का? हो म्हणा आणि खाली बसा. मीठमसाला नको."

"माझ्याकडे मीठच असतं," मस्टरीण म्हणाली.

आत गर्दी होती. एका बाजूला लंबू पाय कुठे ठेवावेत हे न कळून बसला होता. दुसऱ्या बाजूला धाकटी, मेव्हणे आणि ठकी. मागच्या बाकावर सध्याचे मोठे डॉक्टर, हजेरीपट त्यांच्या दवाखान्याचा म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. ते मोबाइल बघत होते. लंबूचा वकील अर्धा तास मावशी या नात्यावरच बोलला. सख्खी, म्हणाला. एकाच घरात राहते, म्हणाला. मांडीवर वाढवलंय, म्हणाला. त्याच्या तोंडून मांडी ऐकताना मस्टरिणीला वाटलं, उठून याच्या पाठीत पट्टी घालावी.

जज्जसाहेबांनी तिला पुढे बोलावलं. हजेरीपट उघडला. "या पाच रेघा तुमच्या?"

"माझ्या."

सरकारी वकिलाने मान डोलावली. धाकटीने श्वास सोडलेला दोन बाकांवरून ऐकू आला.

"म्हणजे या पाचही दिवशी हे डॉक्टर गैरहजर होते?"

मस्टरिणीने चष्म्याची दोरी सारखी केली. मग म्हणाली, "रेघ माझी. माणूस चार दिवस आला होता."

"कशावरून?"

"मागून उघडा साहेब. पेन्सिलीचं आहे, उजेडात धरा."

जज्जसाहेबांनी मागून उघडलं. चष्मा बदलला. आधी मनात वाचलं, मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला आणि त्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. लंबूच्या चार नोंदी वाचल्या, तोंड फार हेसुद्धा वाचलं. पाचवी वाचली. पण पान काही एकट्या लंबूचं नव्हतं, नजर खाली घसरली. "मोठे डॉक्टर, ११.१०, पुतण्याची परीक्षा म्हणे. पुतण्या नाहीच." पुढे, "मोठे डॉक्टर, ११.३५, गाडी बंद पडली म्हणे. गाडी शिपाई धूत होता." जज्जसाहेबांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मोठे डॉक्टर आता मोबाइल बघत नव्हते.

"हे बाळंतपणात आहेत असा निरोप तुम्हाला मिळाला होता?"

"चारही वेळा."

"हजेरीपट तिकडे पाठवता आला नसता?"

"आला असता. बाकीच्यांना पाठवायचे."

"मग यांना का नाही?"

सरकारी वकील कपाळाला हात लावून बसला. मस्टरिणीने लंबूकडे पाहिलं. तो पहिल्यांदाच सरळ बसला होता.

"यांनी मला घंटा म्हटलं होतं," ती म्हणाली. "भाचीचा काही संबंध नाही. हा राग माझा स्वतःचा आहे."

कोर्टात हशा झाला. जज्जसाहेबांनी हजेरीपट ठेवून घेतला आणि बाळंतिणींच्या खोलीची नोंदवही मागवली. आठवड्याने निकाल लागला. चारही बाळंतपणं त्या वहीत त्या तारखांना, त्या वेळेला, लंबूच्याच अक्षरात होती. लंबू पात्र. जागा लंबूची.

पण ती आठवड्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर लंबूने मस्टरिणीला गाठलं. ती आभाराची वाट बघत होती असं नाही, पण कुणी समोर येऊन उभं राहिलं की माणूस थांबतो.

"पाचव्या दिवशीही मी आलो होतो," तो वरून म्हणाला.

"नव्हता."

"दुपारी आलो होतो. तुम्ही जेवत होता."

"मी जेवताना डोळे उघडे ठेवते."

"दोन वर्षं तुमच्या रागापायी माझं रेकॉर्ड खराब राहिलं, त्याचं काय?"

"तुमच्या तोंडापायी," मस्टरीण म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरली. पुढे ठकी उभी होती. मघापासून तिथेच होती, हात बांधून.

"आई बोलणार नाही तुझ्याशी," ठकी म्हणाली. "मी एकदाच बोलते. तुझ्या जागी मी असते, तर तुझ्यासाठी मी ते पान फाडलं असतं, मावशी."

"माहीत आहे," मस्टरीण म्हणाली. "म्हणून तर तुला सांगितलं नाही पानावर काय आहे ते."

ठकी वळली आणि आईवडिलांच्या मागून गेली. रिक्षात जागा होती चौघांची. ती तिघांना घेऊन गेली.

त्याच आठवड्यात मस्टरिणीने दवाखान्याच्या मागे एक खोली घेतली. खोलीला एकच दार. तिचं सामान धाकटीने हमालाबरोबर धाडलं, काही म्हणजे काही ठेवून घेतलं नाही, तुटका कंगवासुद्धा पुडीत बांधून पाठवला. एवढी नीटनेटकी धाकटी आयुष्यात कधी वागली नव्हती.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी मेमो तयार ठेवला होता. शासकीय हजेरीपटात अनधिकृत व आक्षेपार्ह मजकूर लिहिणे, सहकाऱ्यास आकसाने वागवणे. मस्टरिणीने दोन्ही आरोप वाचले. दुसऱ्यावर तिचं काही म्हणणं नव्हतं. पहिल्याच्या उत्तरात तिने एकच वाक्य लिहिलं, "मजकूर खोटा असल्यास कळवावे." ते उत्तर मोठ्या डॉक्टरांनी फाइलला लावलंच नाही म्हणे.

निवृत्तीला तीन महिने उरले होते. हजेरीपट तिच्याकडून काढून घेतला आणि तिला टपालाच्या टेबलावर बसवलं. आलेला कागद लिहायचा, गेलेला कागद लिहायचा आणि दुपारी पिशवी घेऊन मोठ्या कचेरीत जाऊन पोच आणायची. हजेरीपट एका तरुण कारकुनाकडे गेला. तो सगळ्यांना बसा म्हणायचा. आता दहा दहाला काही होत नसे, सह्या दुपारपर्यंत निवांत चालत. सिस्टर लोक तिच्यासमोरून जाताना मुद्दाम घड्याळ बघायच्या आणि हसायच्या. मागच्या पानावर आपलंही काही असेल अशी धास्ती सगळ्यांनाच बसली होती, आणि होतंच.

तिचा शेवटचा दिवस आला तो महिन्याच्या अखेरीला. कुणी निरोप समारंभ ठेवला नाही. पिशवीत त्या दिवशी नऊ कागद होते. त्यातला सातवा लंबूचा होता, त्याला दवाखान्यातून मोकळं करून कॉलेजात रुजू व्हायला परवानगी देणारा. कॉलेजसाठी तो मोठ्या कचेरीत पोचवायची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. मोठ्या डॉक्टरांचा लंबूवरही राग होता, त्याच्या दाव्यामुळे तर त्यांची गाडी कोर्टात धुतली गेली. त्यांनी कागद दोन आठवडे टेबलावर ठेवून शेवटच्या दिवशी दुपारी तीनला सही केली होती. हा कागद आज कचेरीत पोचला नाही, तर जागा पुढच्या नंबराची. पुढचा नंबर ठकी.

हे शिपायाला ठाऊक होतं, तरुण कारकुनाला ठाऊक होतं. लंबूलाही ठाऊक होतं. तो फाटकाशी उभा राहून पिशवीकडे बघत होता.

"मी घेऊन जातो," तो म्हणाला. "माझाच कागद आहे."

"टपाल आहे. हातात देत नाहीत."

"तुम्ही नेणार?"

"माझं काम आहे ते."

"तुमच्यावर विश्वास कसा ठेवू?"

"नका ठेवू," मस्टरीण म्हणाली. "बाजूला व्हा, बस चुकेल."

बस वेळेवर होती. खिडकीशी जागा मिळाली, तिने पिशवी मांडीवर ठेवली. दोन थांबे गेल्यावर धाकटीची गल्ली आली. मस्टरिणीने त्या बाजूला पाहिलं. कोपऱ्यावर ओळखीचं कुणी नव्हतं. बस पुढे गेली.

कचेरीत टपालाच्या खिडकीवर रांग होती. चार वाजून पाच मिनिटांनी तिचा नंबर लागला. खिडकीतल्या माणसाने नऊही कागद मोजून घेतले, पोचवहीत एकेका ओळीसमोर शिक्का मारला आणि वही सरकवली.

मस्टरिणीने चष्मा वर करून एकेक ओळ तपासली आणि वही परत आत सरकवली.

"सातव्याचा शिक्का पुसट आलाय," ती म्हणाली. "तारीख वाचता येत नाही. परत मारा."

"एवढं काय बाई, कळतंय की."

"मला कळतंय. उद्या दुसऱ्याला वाचायचं आहे. वेळ पण टाका."

माणसाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, शिक्का शाईत दाबून पुन्हा मारला आणि खाली वेळ लिहिली. तिने पाहिलं, वही पिशवीत घातली आणि पाठीमागच्याला जागा करून दिली.